शिंपीणकाकूंच्या खुणा

प्रिय आई,

लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे. बाबांचा खोकला थांबला का?

टाळेबंदीत कॅन्सरचे उपचार थांबू नयेत म्हणून आमच्या रुग्णालयाची गाडी पेशंटना घरून आणते. पाच दिवसांचं रेडिएशन उरलं असताना एका पेशंट शिंपीणकाकूंनी विषाणूच्या धास्तीने अंग इतकं घासलं, की किरणं नेमकी कुठे सोडायची म्हणून आम्ही अंगावर शाईने काढलेल्या खुणाच गेल्या! नेम कशावर धरायचा? माझा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "अगं, मापं पुन्हा घे. मी गिऱ्हाइकांची दहादा घेते!"

डॉक्टरांनी पुन्हा मोजून खुणा काढल्या. आज उपचार पूर्ण झाले. मी म्हटलं, "काकू, कातडी बरी झाली की हवं तेवढं घासा." याचसाठी शिकले गं.

घरी येईन तेव्हा पाणी तापवून ठेव. मीही आधी तशीच घासून आंघोळ करीन, मगच तुझ्या कुशीत.

तुझी ग्रॅज्युएट लेक