पलंगाची फळी उलटून न पाहिल्याबद्दल

नाहूर, ९ मार्च १९८६

तीर्थस्वरूप गुणाजीमामांस,

दशरथचा वाकून नमस्कार. मामींचा दमा आणि तुमची कंबर यंदाच्या थंडीतून धडपणे बाहेर आली असेल असं धरून चालतो. इथे आम्ही ठीक आहोत, आईचे गुडघे सोडून. पत्र त्यावरूनच आहे.

जमिनीवरून उठताना आईला तुमच्या भाचेसुनेचा, सुगंधाचा, खांदा लागतो. म्हणून बोनस मिळाला की तिला सागाचा पलंग करणार, असं मी तुम्हाला गणपतीत कळवलं होतं. तुम्ही उलट टपाली लिहिलंत, लाकूड घेण्याआधी मला बोलव. त्यावर मी काय लिहिलं ते तुम्ही विसरला असाल तर फार उपकार होतील. तुम्ही सुतार खरे, पण मुंबईत आता सगळं मिळतं, येण्याची गरज नाही, गिरणी सुटल्यापासून मी कंपनीच्या स्टोअरमध्ये मालच तपासतो, असं लिहिलं होतं. (तो माल म्हणजे नटबोल्ट, हे लिहायचं राहून गेलं.)

घाटकोपरला एका वखारीत गेलो. मालक चंद्रप्रकाशशेठ, सभ्य माणूस. त्याने सागाचे तीन नंबर समजावले. एक नंबर म्हणजे नुसता गाभा, रेषा सरळ, गाठ नाही; घनफुटाला तीनशे चाळीस. दोन नंबरात बारीक गाठी, दोनशे साठ. तीन नंबरात सालीकडचा पांढरा भाग येतो, तो किडा खातो, एकशे सत्तर. मी प्रत्येक नंबरला मान डोलावली आणि म्हटलं, माझे मामा सुतार आहेत, मला शिकवू नका. मग एक तास घासाघीस केली. शेठ मुकाट्याने एकेक ढीग सोडून पुढे सरकत होता आणि दर उतरत होता. मला वाटलं, मी भाव पाडतोय. खरं तर मी नंबर पाडत होतो. शेवटच्या ढिगातल्या फळ्या वरून अशा तांबूस, देखण्या होत्या की मी तिथेच पैसे काढले. शेठ दोनदा म्हणाला, साहेब, उलटून बघा. मी म्हटलं, बघितलं.

वाकोल्याच्या सहदेव सुताराने फळ्या उलटून खालच्या पांढऱ्या भागात नख रुतवून पाहिलं. मग म्हणाला, "दादा, ह्या फळ्या खोक्यांच्या. पलंगाच्या नव्हेत." मी त्याला तुमचं नाव सांगून गप्प केलं. (तुमचं नाव मी फार वापरलं, मामा.)

पलंग झाला. आईने त्याला हळदकुंकू लावलं. महिन्याभरात एक फळी होडीसारखी वाकली, दुसरीतून पिठासारखा भुसा गळू लागला. आई रोज सकाळी सुगंधा उठायच्या आत तो झाडून टाकायची, हे मला फार उशिरा कळलं. मग एके दिवशी तिने अंथरूण खाली घातलं. विचारलं तर म्हणाली, "माका वर उकडता." जानेवारीत. आता पुन्हा सुगंधाचा खांदा आहे आणि पलंगावर आमची पिंपं आहेत.

तुमचं ऐकायला हवं होतं, एवढंच लिहायचं होतं.

तुमचा भाचा,
दशरथ

ता. क. शेठला दोष देऊ नका. उलटून बघा असं तो दोनदा नव्हे, चारदा म्हणाला होता.

ता. क. दुसरं. मे महिन्यात तुम्ही येऊ शकाल का? वखारीत तुम्ही बोला. मी फळ्या उलटतो.

ता. क. तिसरं. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पलंगाचा रवांदे. गुणाजीक लिव, नुसतो येवन जा. सा वर्सां झाली त्याका बघूक नाय." मी विचारलं, हे गणपतीतच का नाही बोललीस? तर म्हणाली, "तूच लिवलंस मा, गरज नाय म्हणान."