बोहनीचा रुपया

मोहने,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रीती,

सप्रेम जय भीम. सान्वीचा खोकला गेला का? पोरीला आल्याचा रस दे, सारखी सिरपं पाजू नकोस. दादाचं नाव काढलं की तू माझा फोन कट करतेस, म्हणून हे पत्र. मितेशभावोजी मसाला न्यायला आलेत, त्यांच्याच हाती देतेय. घोडबंदरच्या ट्रॅफिकची त्यांना घाई झालीये.

धंदा बरा आहे. तुला माहितीये, गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे घ्यायला आपण तीन कंपन्या लावल्या होत्या. एकीकडे पेमेंट अडकलं की आपोआप दुसरीकडे, तिथेही अडकलं तर तिसरीकडे. ही रांग तुझ्या रत्नदीपदादाने लावलेली. ती चालू आहे का बघायला रोज सकाळी नऊला स्वतःच्या फोनवरून एक रुपया भरायचा. वर मला, "झाली बघ बोहनी!"

तो जाऊन सहा महिने झाले. बोहनी अजून रोज होतेय.

हसू नकोस. नऊ वाजता, त्याच्याच नावाने, एक रुपया. त्याचा फोन माझ्या कपाटात बंद पडलाय. सिम बंद, बँकेचं खातंही बंद. कंपन्यांना विचारलं तर ही म्हणते तिला विचारा, ती म्हणते हिला. खरं सांगू, आधी बरं वाटायचं. चहा घेऊन नऊची वाट बघायचे. मग लक्षात आलं, तो रुपया रोज तीनदा अडकतो आणि मगच येतो. तेव्हापासून नऊच्या आत फोन उलटा ठेवायला लागले.

शेवटी धंदा नव्या कंपनीकडे हलवला. जुनी पहिली बंद केली, रुपया दुसरीकडून आला. दुसरी बंद केली, तर तिसरीकडून. आज तिसरी बंद केली.

तेव्हा सेटिंगमध्ये दिसलं. तिन्ही अडकल्या तर एका नंबरवर आपोआप फोन जातो. तिथे माझा नंबर होता. आता तुझा आहे. बदलल्याची तारीख १० मे. दादा गेला ९ ला, आणि पासवर्ड मलासुद्धा जूनमध्ये मिळाला.

त्याने माझा नंबर का काढला, मला ठाऊक आहे. तू सगळ्यांसमोर रडून विचारलंस, "दादाने कुणालाच फोन कसा नाही केला?" मी म्हटलं, नाही केला.

केला होता गं. छातीत कळ आली तेव्हा, आपल्या मसाल्याच्या गिरणीतून, तीनदा. त्या सकाळी पैसे अडकलेले, गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावर बसलेली. वाटलं, हा पुन्हा बोहनीचंच विचारणार. तिन्ही वेळा मी कट केला. आणि तू भाऊ गेल्याचं दुःख सोडून त्याच्यावरच रुसून बसलीस, तेही मी बघत राहिले. माझ्यासारखी नालायक मीच.

मला शिव्या घाल, तोंड बघू नकोस माझं. पण उद्या नऊला फोन वाजला, तर कुणाचा नंबर ते बघत बसू नकोस. उचल. तो बोलेल ते पूर्ण ऐक. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

अजून म्हणत असशील तर तुझी,
कल्पितावहिनी