हिरव्या गाडीला आलेली मागणी

सल्त, ४ सप्टेंबर १९९८

चि. नेमतला दादाचा सलाम आणि अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू विणलेली टोपी पोचली. दोन डोक्यांना पुरेल एवढी झाली आहे, पण ऊब छान आहे.

बातमी एकच आहे. हिरवी गाडी विकायची ठरवलीय. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची आशा सोडली आणि नुसत्या उजव्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. एकतीस वर्षांत बिचारी एकोणीस हजार किलोमीटरही धावली नसेल. शुक्रवारी झऱ्यापर्यंत जायचं नि परत यायचं, बाकी आठवडा तुतीखाली ताडपत्री पांघरून बसायचं. पण टप उघडून त्या शेवटच्या वळणावर आलो, की मी एकाहत्तर वर्षांचा निवृत्त मास्तर राहत नसे. आता ते सुख संपलं, याचं फार वाईट वाटतं.

गिऱ्हाइकं येतात. लग्नाच्या हॉलवाल्याला तिला फिती बांधून नवरदेवांना भाड्याने द्यायचीय. अम्मानच्या एका डॉक्टरला ती दिवाणखान्यात काचेमागे ठेवायचीय. दोघांनाही कॉफी पाजून वाटेला लावलं. तिला चालवणारं कुणीतरी हवं, बाकी माझी काही अट नाही.

तू कधी येणार, असं मी विचारत नाही. तुझं घर, तुझी लेक, सगळं तिकडेच. जपून राहा.

तुझा दादा,
गालिब

•

माँट्रियल, २७ सप्टेंबर १९९८

ती. दादास नेमतचा सादर सलाम, वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. माझ्यासाठी आलेली स्थळं बाबा जशी परत पाठवायचे, एकाचे दात पुढे, एकाचा मामा वेडा, तसाच तू गिऱ्हाइकं परत पाठवतोयस. लग्न तू त्या गाडीशीच केलंस, हे अख्ख्या सल्तला ठाऊक आहे.

आता एक कबुली. गाडीच्या मागच्या बाजूला जो पोचा आहे, तो शेजारच्या हमूदच्या गाढवाने पाडलेला नाही. मी पाडला. तू शाळेत होतास, किल्ली खिळ्यावर होती, आणि रिव्हर्स कुठे असतो ते तू मला शिकवायचंच विसरला होतास. गाढवाचं नाव तूच घेतलंस, मी फक्त गप्प बसले. पण त्या पायी तू हमूदशी अठ्ठावीस वर्षं बोलला नाहीस, हे मनाला डाचतं रे.

इथे बरं आहे म्हणायचं. सामी जाऊन पाच वर्षं झाली. लेक बापावर गेलीय, सतत कामात असते, रविवारी फोन करते. दुपारी घरात घड्याळाचा आवाज फार येतो.

एवढं ऐक, रमजान लागेपर्यंत गाडी कुणाला देऊ नकोस. रागव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
नेमत

•

सल्त, ८ नोव्हेंबर १९९८

चि. नेमत, सलाम. आशीर्वाद द्यावा की कान धरावा, ते कळत नाही, वि. वि.

गेल्या शुक्रवारी आपल्या गल्लीतला अबू सत्ताम पाच वडीलधाऱ्यांना घेऊन दारात हजर. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले झगे. मी ओळखलं, ही जाहा आहे, मंडळी काहीतरी मागायला आलीत. तुझ्या पत्रानंतर हमूदसमोर जायची मला लाज वाटत होती. वाटलं, त्यानेच समेटासाठी ही मंडळी पाठवली. कॉफी दिली. अबू सत्तामने रीतीप्रमाणे पेला न पिता खाली ठेवला आणि आमचं मागणं पुरं केल्याशिवाय पिणार नाही म्हणाला. मी मागणं न ऐकताच सांगून टाकलं की कॉफी प्या, तुम्ही ज्यासाठी आलात ते झालं.

सहाही जणांनी घटाघट पेले रिकामे केले. मग अबू सत्ताम मिशी पुसत म्हणाला की आम्ही हिरव्या गाडीसाठी आलोय, नेमतच्या वतीने.

चाळीस वर्षं लोकांच्या जाहांत बसलो, आणि न ऐकता शब्द देऊन बसलो! किमतीचं विचारलं तर म्हणाले की मुलगी मागायला आलेल्यांशी भाव करतात का. हमूद कुंपणावरून ऐकत होता. इतका हसला की मलाही हसू आलं. तिथेच त्याच्या गाढवाची माफी मागितली. गाढव मरून वीस वर्षं झाली, पण त्याने मोठ्या मनाने स्वीकारली.

शब्द गेला तो गेला, गाडी तुझी. अकबा बंदरात चौकशी केलीय, लाकडी पेटीत घालून पाठवतात म्हणे. पण खरं सांगू? तुमच्या त्या बर्फात ती काय करेल? काल ताडपत्री काढून उगाच तिच्याजवळ बसून राहिलो.

हरलेला,
गालिब

•

माँट्रियल, २९ नोव्हेंबर १९९८

ती. दादास सलाम, वि. वि.

पेटीबिटी काही नको. गाडी तुतीखालून हलवायची नाही.

हे पत्र स्वयंपाकघरात बसून लिहितेय. समोर कॉफी ओतून ठेवलीय, वेलची घातलेली, आणि मी तिला हात लावलेला नाही. जाहा पाठवून गाडी मागणं सोपं होतं. हे मागणं दुसऱ्याच्या तोंडून करवत नाही.

मला परत यायचंय, दादा. पाहुणी म्हणून नाही, कायमची. लेकीला सांगितलं, ती रडली आणि मग हो म्हणाली. शुक्रवारी झऱ्यापर्यंत मी चालवीन, तू शेजारी बस. पण तू एवढी वर्षं एकटा राहिलास, तुझ्या सवयी ठरलेल्या. मी म्हातारी, बडबडी, भिंतींना रंग काढायला लावणारी. तुला अडचण होईल का, याची भीती वाटते. नको असेल तर तसं लिही, मी रुसणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
नेमत

•

सल्त, १७ डिसेंबर १९९८

चि. नेमतला दादाचे खूप खूप आशीर्वाद, वि. वि.

या वेळी मागणं शेवटपर्यंत, दोनदा वाचलं, मगच लिहायला बसलो.

रिव्हर्स डावीकडे, खाली.

कॉफी पी, बाळ. तू ज्यासाठी आलीस ते झालं.

तुझा,
दादा