माझ्या रक्ताचं शून्य

३ मार्च
होबार्टला पोचले! प्रयोगशाळेच्या खिडकीतून बंदर दिसतं आणि दुपारी माझ्या नावाने गरमागरम पाई आल्या. डंकन इथला प्रमुख, पण ‘सर’ म्हटलं की चिडतो. आम्ही कार्बनचे अतिसूक्ष्म कण बनवतो. रक्तात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं प्रथिन असलं की ते निळे चमकतात. त्या चमकेतून यंत्र निरोगी रक्ताची चमक वजा करतं. त्या निरोगी रक्ताला सगळे ‘शून्य’ म्हणतात. जुनं शून्य संपत आलंय, आणि नव्या माणसाने ते द्यायचं हा इथला रिवाज. डंकन म्हणाला, कर बाही वर ब्रिजिड, सव्वीस वर्षांची धडधाकट पोरगी तू, तुला काय तपासायचंय! सगळे हसले. मीही हसले.

१९ मार्च
आज गस टिअर्नी आला. समुद्रातले क्रेफिश पकडणारा म्हातारा कोळी, वजन झपाट्याने उतरलेलं. चमक काहीच नाही. तसं सांगितल्यावर ढसाढसा रडला. म्हणाला, पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो, आता बायकोला, डोरीनला घेऊन क्वीन्सलंडला जातो. पुढच्या तपासण्या त्याने रद्द केल्या. मला इतकं बरं वाटलं!

८ एप्रिल
माझं शून्य आल्यापासून एकवीस नमुने झाले. एकही चमकला नाही. रुग्णालयाच्या वॉर्डातल्या एका बाईंची गाठ स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते, तरीही नाही. डंकन म्हणतो कण बिघडलेत. नवे केले. तेच.

९ एप्रिल, सकाळ
जुन्या शून्याचा तळाचा घोट उरला होता. त्यावर त्या बाईंचं रक्त तपासलं — लख्ख चमकलं. कण चांगले आहेत. मग खोट —

दुपार
त्याच जुन्या शून्यावर माझं रक्त लावलं. पडद्यावरची रेघ चढत गेली. थांबेचना. पुन्हा लावलं. पुन्हा —
माझा आजार मी सगळ्यांच्या आजारातून वजा करत होते. महिनाभर.
आईला कसं —

१० एप्रिल
डंकन रडला. म्हणाला, चूक माझी, तू घरी जा. नाही गेले. एकवीस जणांना मीच सांगणार. माझं नंतर बघू. भीती वाटतेय, फार भीती —

पहिला फोन गसला. डोरीनने उचलला. मी काही बोलायच्या आत तिने आनंदाने त्याला हाक मारली. तो धापा टाकत आला. म्हणाला, पोट जरा दुखतं, पण तूच म्हणालीस ना काही नाही म्हणून, मग मी कशाला घाबरू? मी म्हटलं, गस, जरा खाली बस. मी —