खंडेनवमीचा कागद

॥ श्री ॥
नागापूर, ता. २० फेब्रुवारी १९७२

चि. सौ. मनकर्णेस गहिनीनाथचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे. कारखान्यात लोखंड उचलतो. बाहेर ट्रकचा आवाज आला की मान आपोआप वळते, त्यावर सगळे हसतात.

विम्याशिवाय गाडी चालवली म्हणून खालच्या कोर्टाने माझे लायसन वर्षभर बंद केले, त्यावर वकील काकासाहेबांनी नगरला अपील दाखल केले आहे. विमा होता, पण त्याचा कागद नाही. ट्रकच्या मालकाला विमा कंपनीचे नाव आठवत नाही, एजंट गाव सोडून गेला. मालक म्हणतो, कागद म्या तुझ्या हातात दिला हुता. ते खरेच आहे. गेल्या खंडेनवमीला गाडी दारात उभी करून पाने, जॅक आणि सगळे कागद पाटावर पूजेला मांडले होते. पुढचे आठवत नाही. घर शोध. कागद मिळाला तरच लायसन परत मिळेल.

तुझी आठवण येते. पत्र लवकर टाक.
गहिनीनाथ

॥ श्री ॥
कोल्हार, ता. २६ फेब्रुवारी १९७२

स्वामींचे चरणी सौ. मनकर्णेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

कागद रजिस्टरने पाठवला आहे. शोधावा लागला नाही. पूजेनंतर तो पाटाखाली राहिला, तो मी दसऱ्याच्या सोन्याबरोबर गाठोड्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. ते गाठोडे आपल्यात पुढच्या दसऱ्यापर्यंत सोडत नाहीत. देवाची माफी मागून सोडले.

निकाल ऐकून तुम्ही घरी आलात, त्याच दिवशी मला आठवले होते. पण तुम्ही तीन आठवडे घरी होतात. लग्नाला सात वर्षे झाली, सलग तीन दिवस तरी माझ्या हातचे कधी जेवलात? रोज म्हणायची, उद्या सांगेन. मग तुम्ही नागापूरला गेलात. आता लायसनही नाही आणि तुम्हीही नाही.

कागदावरचा हळदीचा डाग पुसू नका, अक्षर जाईल. मला काय बोलायचे ते बोला, पण पत्रातून बोला. अबोला धरू नका.
तुमची मनकर्णा

॥ श्री ॥
नागापूर, ता. १२ एप्रिल १९७२

चि. सौ. मनकर्णेस आशीर्वाद. वि. वि.

जिंकलो! कागदावरून कंपनी सापडली, तिने विमा होता असे लिहून दिले. शिक्षा रद्द झाली, लायसन परत मिळाले. न्यायाधीशांनी डागाबद्दल विचारले, तेव्हा काकासाहेबांनी पूजेचे सांगितले.

तुझे पत्र वाचून लई संतापलो होतो. म्हणूनच इतके दिवस लिहिले नाही. मग पुन्हा वाचले. त्या तीन आठवड्यांत मीही कागद काही नीट शोधला नव्हता. हे तुलाच सांगतो, काकासाहेबांना कळू देऊ नकोस.

मंगळवारी दुपारी माल घेऊन मनमाडला निघतो. कोल्हारच्या पुलाजवळ थांबेन, भाकरी घेऊन ये. जीव आहे तोवर लोभ आहेच.
गहिनीनाथ

॥ श्री ॥
कोल्हार, ता. १९ एप्रिल १९७२

स्वामींचे चरणी साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल पुलाजवळ तुमचे तीन हॉर्न ऐकले. तुमचा हातही दिसला. मागे मालकाची जीप होती, थांबता आले नसते, हे मला कळते. राग नाही. भाकरी-ठेचा मी प्रवरेच्या काठावर बसून एकटीनेच खाल्ला. रडू आले, ते आले.

गाडी जपून चालवा. येत्या खंडेनवमीला घरी या, पाने-जॅक मीच घासून ठेवीन. कागद मात्र गाडीतच राहू द्या. माझ्या हातात देऊ नका.

तुमचीच,
मनकर्णा