रंग डाव्या हाताला

सबीना,
कॉम्प्युटर उघडल्यावर ओरडू नकोस, पडद्यावरची हलवाहलव मीच केलीय. तू परीक्षेला गेलीस आणि बेदाणेवाले जयराजदादा आले. "आवं यासीनचाचा, पेटीवरचं नाव आजच छापायला द्यायचं हाय. लेकीला बोलवा," म्हणाले. तुला काय बोलावणार? मीच बसलो.

तू रंगांची पट्टी उजवीकडे ठेवतेस. बोर्ड रंगवताना माझे रंगाचे डबे तीस वर्षं डाव्या हाताला, त्यामुळे रंग सापडेचनात. पट्टी माउसनं ओढली, तर अख्खी डावीकडे येऊन बसली! अक्षरांची चौकट वर घेतली, बाकीच्या चौकटी बंद केल्या आणि तासाभरात नाव तयार केलं. गेल्या ईदपासून माझा ब्रश बोर्डावर कसा थरथरतो, तू बघतेसच. इथं माउसनं नुसते ठिपके ठेवत गेलो, कॉम्प्युटरनं ते जोडले आणि रेघ लय सरळ आली. जयराजदादा चष्मा लावून म्हणाले, "ही तर तुमचीच अक्षरं!"

त्यांच्याबरोबर तासगावला छापखान्यात चाललोय. जेवून घे, पेपर कसा गेला ते फोनवर सांग. तुझी मांडणी तुझ्या नावानं सेव्ह आहे. माझी 'अब्बा' नावानं ठेवलीय, ती पुसू नकोस. उद्या सकाळी खुर्ची माझी.

अब्बा