बुंदीचा रिपोर्ट

घाटकोपर, ४ फेब्रुवारी २०२५

चि. विमला हिस, अ. आ.

घरोघरी एकट्या उरलेल्या बहिणींनो, आपली तक्रार एकच आहे: तब्येत सगळे विचारतात, येत कोणी नाही. सभेची सवय जात नाही बघ. आता श्रोत्यांत तू एकटी, तीही फोनवर ऐकू न येणारी, म्हणून पत्र.

आमच्या बुंदीचं पोट सुटलंय, केस विरळ झालेत, पाणी तर संपवत नाही तोवर भांडं सोडत नाही. कुत्र्यांच्या डॉक्टर दीप्तीबाईंनी आधी थायरॉइड तपासलं, त्यात नेमकं काही कळलं नाही. मग रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं, तासाभराने पुन्हा रक्त. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी जवळजवळ झोपल्यात म्हणे. बाईंनी विचारलं, हिला स्टेरॉइड देता का. मी चांगलं सुनावलं. कुत्रीला चोरून औषध घालणारी दिसते का मी?

तिचं बरंवाईट झालं तर या घरात माझं बोलणं ऐकायला भिंतीच.

तुझी ताई,
मालन

बोरिवली, ८ फेब्रुवारी

ती. मालनताईस, सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंसमोर तू भाषण ठोकलंस तेव्हा मी नव्हते, हे बरं. पण गणपतीत तुझ्याकडे राहिले होते ना, तेव्हा तू पायाच्या इसबावर मलम लावायचीस आणि बुंदी ते चाटून साफ करायची. ती ट्यूब त्यांना दाखव.

बरी होईपर्यंत तिला माझ्याकडे पाठव. मलाही सोबत होईल. रागावलीस तर लिहून रागाव, निदान पत्र तरी येईल.

तुझी,
विमला

घाटकोपर, १३ फेब्रुवारी

चि. विमला हिस, अ. आ.

तुझं खरं निघालं. मलमातलं स्टेरॉइड तिच्या पोटात जात होतं, म्हणून तिच्या ग्रंथींनी काम सोडलं. एकदम तोडलं तर जिवावर बेतेल, म्हणून आता स्टेरॉइडच्याच गोळ्या, त्या हळूहळू कमी करायच्या, मग पुन्हा रक्त. दीप्तीबाईंची माफी मागितली. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

ती चाटते हे मला दिसत होतं गं. दिवसभरात तेवढंच कोणी अंगाला लागायचं, हटकावंसं वाटलं नाही. आता मलमावर पट्टी हवी. मलम कसंबसं फासते, पण वाकून दोन्ही हातांनी पट्टी गुंडाळणं जमत नाही. म्हणून बुंदीला दाराबाहेर ठेवते. ती दार खरवडते, मी आत पाय धरून बसते.

तुझी सूचना दुरुस्तीसह मंजूर: ती तिकडे येणार नाही. लोभ पत्रात घालून धाडू नकोस. रविवारी बॅग भरून ये आणि पट्टी तू बांध.

मालन